शिष्यवृत्ती आणि विद्यावेतन : सरकारी पैसा कोणत्या वाटेने येतो आणि कुठे अडतो

दहावी-बारावीचे निकाल लागले की विहारात, अभ्यासिकेत आणि कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर तेच प्रश्न येऊ लागतात. कॉलेज पूर्ण फी मागतंय, भरायची का? शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर दिसतोय, खात्यात मात्र काही नाही, कोणाला भेटायचं? आयटीआय झालं, कंपनीत अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतलं, पण महिन्याला नक्की किती मिळायला हवेत? उत्तरं देणारे बहुतेक वेळा आपल्यातलेच कोणीतरी असतात आणि ती अर्धवट माहितीवर दिली जातात. सरकारी आदेश बदलत राहतात, पोर्टलं बदलतात, जुन्या उत्तरांवर नवी पोरं अडकतात. म्हणून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि शिकाऊ उमेदवारी या दोन गोष्टींचा पैसा व कारभार कसा चालतो, ते आम्ही इथे एकत्र मांडत आहोत. लेख जपून ठेवा, गटात वाचा.

सुरुवात कुठून झाली

या दोन्ही विषयांचा उगम बाबासाहेबांच्या एकाच निवेदनात सापडतो. ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचे निवेदन गव्हर्नर जनरलना दिले. उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा, ही त्यातली मागणी आपल्याला पाठ आहे. तांत्रिक शिक्षणाबद्दलची मागणी आपण कमी सांगतो. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने सरकारच्याच हातात आहेत, तिथे आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घेऊन शिकवा, असे त्यांचे म्हणणे होते. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली, तीच आजची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. उमेदवारीचा कायदा यायला मात्र १९६१ साल उजाडले. परळ, माटुंगा, भुसावळ, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यांत आज जी अ‍ॅप्रेंटिस भरती निघते, ती याच कायद्याखाली.

साठ-चाळीसचे गणित

२०२० पर्यंत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च केंद्र आणि राज्य यांच्यात फार विचित्र पद्धतीने वाटला जात असे. पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी जितका खर्च झाला, तितकी रक्कम पुढे दरवर्षी राज्याने उचलायची आणि त्यावर जो जास्तीचा खर्च होईल तेवढाच केंद्राने द्यायचा. त्यामुळे राज्यावरचा बोजा वाढत गेला आणि २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राची सगळ्या देशासाठीची मदत वर्षाला सुमारे १,१०० कोटींवर आली. अनेक राज्यांत फीची थकबाकी साचली.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही पद्धत बदलली. ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला, त्यात केंद्राचा हिस्सा ६० टक्के म्हणजे ३५,५३४ कोटी, उरलेला राज्यांचा. ही मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती. पुढच्या काळासाठी केंद्राचा वाटा किती राहतो आणि उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा वाढते का, हे दोन मुद्दे प्रत्येक संघटनेच्या निवेदनात असलेच पाहिजेत. ही मर्यादा किती तोकडी आहे, ते कोणत्याही सफाई कामगाराची किंवा शिपायाची पगारपत्रिका पाहिली तरी कळते.

नव्या पद्धतीतला कळीचा भाग पुढे आहे. आधी राज्याने आपला ४० टक्के हिस्सा द्यायचा. तो दिल्याची नोंद झाली की मग केंद्र आपले ६० टक्के थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात टाकते. म्हणजे राज्याने उशीर केला की शंभर टक्के अडते. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. हा पैसा अनुसूचित जातींच्याच महिलांसाठी वापरला जातो, असा सरकारचा युक्तिवाद होता. आम्हाला तो पटत नाही. अनुसूचित जाती उपयोजनेचा हेतूच मुळी सर्वांसाठीच्या योजनांव्यतिरिक्त जास्तीचा खर्च व्हावा, हा आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये या निधीसाठी स्वतंत्र कायदा केला, पुढे तेलंगणाने २०१७ मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये. महाराष्ट्रात असा कायदा नाही. महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११.८ टक्के होती. त्या प्रमाणात तरतूद होते की नाही, आणि झालेली तरतूद मार्चअखेर खर्च होते की नाही, हे पाहणारी आपली स्वतःची यंत्रणा हवी.

कॉलेजच्या बाजूने पाहिले तर

कॉलेजचा लिपिक आपल्याला खलनायक वाटतो. कधी तो असतोही. पण त्याची अडचण समजून घेतली तर भांडण नेमके करता येते. पूर्वी शिक्षण शुल्काची रक्कम संस्थेकडे आणि निर्वाहभत्ता विद्यार्थ्याकडे, अशी विभागणी होती. आता केंद्राच्या ६० टक्क्यांत शुल्काचा भागही असतो आणि तो विद्यार्थ्याच्या खात्यात पडतो. तो विद्यार्थ्याने संस्थेला भरायचा असतो. घरात आजारपण असते, खोलीचे भाडे थकलेले असते, बापाची मजुरी बंद असते; खात्यात आलेले वीस-पंचवीस हजार चार दिवसांत संपतात. मग कॉलेज परीक्षेचा अर्ज अडवते. पैसे आल्याचा निरोप आला की त्यातले शुल्क किती आणि भत्ता किती, हे त्याच दिवशी अर्जाच्या मंजुरीपत्रकावरून पाहून घ्यावे आणि शुल्काची रक्कम भरून पावती घ्यावी, हे प्रत्येक मुलाला प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवे. कॉलेजे हे सांगत नाहीत. आपण सांगायचे.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे : पात्र विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क आणि वसतिगृहाचे शुल्क आधी न भरता प्रवेश मिळाला पाहिजे. महाराष्ट्रात फ्रीशिप हा शब्द आणखी एका अर्थाने चालतो. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याकडून मिळणारी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती, म्हणजेही फ्रीशिप. ही वेगळी योजना आहे, तिच्यात निर्वाहभत्ता नसतो. दोन्हींचा गोंधळ करून मुलांना परत पाठवले जाते, तेव्हा अर्ज नेमका कोणत्या योजनेचा आहे, हे आधी विचारा. आणि फी बाकी आहे म्हणून मूळ गुणपत्रिका व दाखले ठेवून घेण्याचा अधिकार उच्च शिक्षण संस्थांना नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये तसे स्पष्ट बजावले आहे. त्याची प्रत मोबाइलमध्ये ठेवा, तोंडी वादापेक्षा तिचा उपयोग होतो.

निर्वाहभत्त्याचे दर चार गटांत आहेत. पदवी आणि पदव्युत्तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचा पहिला गट : वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० रुपये, घरून येणाऱ्यास ७,०००. अकरावी, बारावी, आयटीआय, पॉलिटेक्निक हे चौथ्या गटात : ४,००० आणि २,५००. आयटीआयच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना आपण या शिष्यवृत्तीत येतो, हेच माहीत नसते.

अर्ज अडण्याच्या जागा

महाडीबीटीवरचा अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, तिथून जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे आणि पुढे पुण्याच्या आयुक्तालयाकडे जातो. बहुतेक अर्ज पहिल्याच टप्प्यावर पडून असतात, कारण विद्यार्थ्याने अर्ज भरला म्हणजे काम झाले, असे समजले जाते. अर्ज कोणाच्या लॉगिनला आहे, हे दर पंधरा दिवसांनी उघडून पाहावे. कॉलेजकडेच असेल तर समाज कल्याण कार्यालयात जाऊन उपयोग नाही, आणि उलटही.

मंजूर होऊनही पैसे न येण्याचे नेहमीचे कारण बँकेत असते. खात्याला आधार क्रमांक जोडणे आणि सरकारी अनुदानासाठी ते खाते एनपीसीआयकडे नोंदवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसा शेवटी नोंदवलेल्या खात्यात जातो. मधल्या काळात कोणी मोबाइल दुकानात पाच मिनिटांत नवे खाते काढून दिले असेल, तर शिष्यवृत्ती तिकडे गेलेली असू शकते. बँकेत जाऊन नुसते 'आधार लिंक आहे का' असे विचारू नका; डीबीटीसाठी कोणती बँक नोंदवली आहे, ते विचारा.

तिसरी जागा खास आपली. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मांतरितांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. महाराष्ट्रात नवबौद्धांना राज्याच्या सवलती त्याआधीपासून होत्या. केंद्राच्या सवलतीसाठीच्या दाखल्यात मूळ अनुसूचित जातीचा आणि त्यातून बौद्ध धर्म स्वीकारल्याचा उल्लेख लागतो, त्यासाठी दाखल्याचा वेगळा नमुना आहे. शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' असेल आणि जातीचा दाखलाही तसाच काढलेला असेल, तर रेल्वे, आयुध निर्माणी, केंद्रीय उपक्रम यांच्या अ‍ॅप्रेंटिस भरतीत मुलगा ऐनवेळी खुल्या गटात ढकलला जातो. जात लिहायची नाही, ही भावना आम्ही समजतो आणि जनगणनेत धर्म बौद्धच लिहायचा. पण सवलतीचा कागद हा कायद्याचा कागद आहे, तो कायद्याच्या शब्दांत असला पाहिजे. दाखला दहावीतच काढून ठेवावा.

अ‍ॅप्रेंटिस : कायदा काय देतो

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. कंत्राटी धरून एकूण मनुष्यबळाच्या किमान अडीच आणि कमाल १५ टक्के. ४ ते २९ कामगारांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हा हे आकडे आले. त्याआधी सक्ती ४० पासून होती आणि कमाल मर्यादा १० टक्के. कामगार संघटनांचा आक्षेप असा की कमाल वाढवल्याने कायम कामगारांच्या जागी स्वस्त मुले भरायला वाट मिळाली. आक्षेप खरा आहे. पण अडीच टक्क्यांची किमान सक्तीही अनेक आस्थापना पाळत नाहीत, ही आपल्या मुलांच्या दृष्टीने मोठी तक्रार आहे.

आता ज्या कलमाकडे कोणी पाहत नाही ते. कायद्याच्या कलम ३ क मध्ये अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याचे बंधन आहे. १९७३ च्या दुरुस्तीने ते आले. राज्यातील लोकसंख्या लक्षात घेऊन हे प्रमाण ठरवायचे असते. बंधन नियोक्त्यावर आहे, आणि नियोक्ता म्हटल्यावर त्यात खासगी कंपनीही आली. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे म्हणून आपण कित्येक वर्षे मोर्चे काढतो. इथे प्रशिक्षणापुरते ते कायद्यात लिहिलेले आहे आणि ते पाळले जाते का, याचा हिशेब आपण मागत नाही.

विद्यावेतनाचे २०१९ चे किमान दर असे : पाचवी ते नववी ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी आणि आयटीआय ७,०००, पदविका ८,०००, पदवी ९,०००. दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० करण्याची शिफारस केली. करारावर सही करताना त्या दिवशीचा अधिसूचित दर पोर्टलवर पाहून घ्यावा; कंपनी त्यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी नाही.

यात सरकारचा वाटा किती? राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, म्हणजे नॅप्स, ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली. विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल महिना १,५०० रुपये, केंद्र देते. पूर्वी कंपनीने सगळे विद्यावेतन द्यायचे आणि नंतर सरकारकडून परतफेड मागायची. कागदपत्रांच्या कटकटीमुळे लहान कारखाने त्या भानगडीत पडतच नसत. ऑगस्ट २०२३ पासून केंद्राचा हिस्सा थेट उमेदवाराच्या खात्यात येतो. म्हणून पैसे दोन ठिकाणांहून आले तर घाबरू नका, पण दोन्ही मिळून किमान दर होतो का, ते मोजा. मूळ योजनेत आयटीआय न झालेल्या नवख्या उमेदवारांना मूलभूत प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांसाठीही तरतूद होती, ५०० तासांना ७,५०० रुपये. राज्याची स्वतंत्र प्रोत्साहन योजना २०२१ पासून आहे.

पदवी आणि पदविकाधारकांसाठी नॅट्स ही शिक्षण मंत्रालयाची वेगळी योजना आहे. तिच्यात किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र उचलते. तिचे पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईत शीव येथे आहे आणि महाराष्ट्राबरोबर गोवाही त्याच्याकडे येतो. आयटीआयवाल्याने नॅट्सवर आणि इंजिनिअरने नॅप्सवर अर्ज करून महिने घालवल्याची उदाहरणे आमच्यासमोर आहेत.

करार नसेल तर अ‍ॅप्रेंटिस नाही

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे करार. पोर्टलवर नोंदवलेला करार, त्यावर क्रमांक, व्यवसायाचे नाव, कालावधी आणि विद्यावेतन. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री, यंत्र कारागीर, कोपा. ज्या व्यवसायाचा करार आहे तेच काम शिकवले पाहिजे. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीत 'ट्रेनी' म्हणून पट्ट्यावर उभी केलेली शेकडो मुले स्वतःला अ‍ॅप्रेंटिस म्हणवतात, पण त्यांच्याकडे करार नसतो. मग ती या कायद्यातही नाहीत आणि कामगार म्हणून हजेरीपटावरही नाहीत. काही वर्षांपूर्वी 'नीम ट्रेनी' नावाने हेच चालत होते. ती योजना नंतर बंद झाली, सवय राहिली.

नोंदणीकृत अ‍ॅप्रेंटिस कलम १८ नुसार प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नाही. म्हणून किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही. हे वाईट वाटते, पण कायदा तसा आहे. त्याच्या बदल्यात जे आहे ते सोडायचे नाही : आरोग्य व सुरक्षेच्या तरतुदी कामगाराइतक्याच लागू, कामाच्या तासांना मर्यादा आणि कामावर इजा झाली तर कलम १६ नुसार भरपाई. बोट गेल्यावर 'तू कामगार नाहीस' म्हणून घरी पाठवले, तर ते बेकायदा आहे. धोकादायक उद्योगात अ‍ॅप्रेंटिसचे वय किमान १८ हवे, इतरत्र १४.

प्रशिक्षण संपल्यावर नोकरीचा हक्क आपोआप मिळत नाही. मात्र १९९५ च्या उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की इतर गोष्टी समान असतील तर प्रशिक्षित अ‍ॅप्रेंटिसला थेट भरतीत प्राधान्य द्यावे. रेल्वेच्या लेव्हल एकच्या भरतीत २० टक्के जागा रेल्वेतच अ‍ॅप्रेंटिस पूर्ण केलेल्यांसाठी असतात. त्यासाठी शेवटची अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेणे आवश्यक. परीक्षा न देता वर्ष काढून निघून येणारी मुले स्वतःचे नुकसान करतात.

एक खुलासा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना (२०२४, बारावीस ६,०००, आयटीआय-पदविकेस ८,०००, पदवीस १०,०००) आणि पंतप्रधान इंटर्नशिप योजना (महिना ५,०००, बारा महिने) या दोन्ही अ‍ॅप्रेंटिस कायद्याखालच्या नाहीत. त्यांचे प्रमाणपत्र रेल्वेच्या २० टक्क्यांत चालत नाही. आयटीआय झालेल्याने शक्यतो आधी खरी अ‍ॅप्रेंटिसशिप शोधावी. महावितरण आणि एसटीच्या जाहिराती जिल्हानिहाय येतात, त्यावर एखाद्याने कायम लक्ष ठेवले तर साऱ्या तालुक्याचे काम होते.

हिशेब कुणाकडे मागायचा

जिल्ह्यात अ‍ॅप्रेंटिसचा कारभार आयटीआयशी जोडलेल्या मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रातून चालतो. वर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तीन गोष्टी विचारता येतात : जिल्ह्यात ३० पेक्षा जास्त कामगारांच्या किती आस्थापना पोर्टलवर नोंदल्या आहेत, त्यांनी गेल्या वर्षी किती अ‍ॅप्रेंटिस घेतले, आणि त्यांपैकी अनुसूचित जातीचे किती. खासगी कंपनी माहिती अधिकारात येत नसली, तरी तिने सरकारी कार्यालयाला दिलेली ही आकडेवारी मागता येते. शिष्यवृत्तीसाठी समाज कल्याण सहायक आयुक्तांकडे महाविद्यालयनिहाय प्रलंबित अर्जांची संख्या मागावी. अर्ज कोणाच्या टेबलावर अडतात, ते एका पानात दिसते.

विद्यावेतन, करार किंवा शिकवण्याबाबत वाद झाला तर कलम २० नुसार लेखी तक्रार शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे करायची. त्याचा निर्णय मान्य नसेल, तर तो कळल्यापासून तीस दिवसांत परिषदेकडे अपील करता येते. तक्रारीसोबत कराराची प्रत, बँकेच्या पासबुकातील नोंदी आणि हजेरीचा कोणताही पुरावा, अगदी गेटपासचा फोटोही, जोडावा.